पुढच्या चाकाकडून खटखट: लिंक रॉड, लोअर आर्म की शॉकअप?

प्रश्न:
२०११ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं सस्पेन्शन). खडबडीत रस्त्यावर २०-३०च्या वेगात डावीकडून बारीक खटखट येते. गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली की आवाज जवळजवळ नाहीच. शिवाय ब्रेक मारताना एकदा 'ठक्' होतं, रिव्हर्समध्येही तसंच. गॅरेजमध्ये दोन्ही शॉकअप बदलायला सांगितलेत, पण त्यांवर गळतीचं तेल कुठेच दिसत नाही. आधी काय बघू?

उत्तर १:
शॉकअपचा खर्च थांबवा. हे दोन वेगळे आवाज आहेत.

खटखट बहुतेक लिंक रॉडची, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणारा, दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांडीची. स्टॅबिलायझर बार पिळला जातो तो एक चाक वर आणि दुसरं खाली असताना. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की बारला पीळ नाही, लिंकवर ओढ नाही, म्हणून गतिरोधकावर शांतता. शॉकअप किंवा वरचं माउंट गेलं असतं तर तिथेही दणका ऐकू आला असता.

तपासताना एकच चाक उचलू नका. बार ताणलेला राहतो आणि लिंकचा प्ले (ढिलेपणा) दबून जातो. दोन्ही चाकं उचला, जॅक स्टँड लावा आणि रॉड मुठीत धरून जोरात हलवा. रबरी बूट फाटून आतलं ग्रीस गंजाच्या पाण्यासारखं तांबूस झालं असेल तर ती लिंक गेलीच. तरी शंका वाटली तर दोन्ही लिंक काढून सावकाश एक किमी चालवा. वळणावर गाडी जास्त कलेल, वेग वाढवू नका.

उत्तर २:
'ठक्' बद्दल आधी एक सांगा. पुढे जाताना लागोपाठ तीन वेळा ब्रेक मारला तर तिन्ही वेळा येतो, की फक्त पहिल्यांदा? दिशा बदलल्यावर एकदाच येत असेल तर ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकताहेत, क्लिप बघा. दर वेळी येत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा बुश (सांध्यातली रबरी गादी). ब्रेक लागला की चाक मागे रेटलं जातं आणि फाटका बुश आर्मला धरून ठेवू शकत नाही.

प्रश्नकर्ता:
तिन्ही वेळा येतो.

उत्तर २:
मग बुशच. आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेला असतो ती चौकट) मध्ये पहार घालून रेटा, रबराची चीर उघडताना दिसेल. नुसत्या वरवरच्या भेगांवरून बुश बाद करू नका.

उत्तर ३:
चाक वर आहे तोवर बाकीचंही बघून घ्या. घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवलं तर स्टिअरिंगच्या टाय रॉड एंड किंवा रॅकचा प्ले कळतो. १२ आणि ६ वर हललं तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाकडे जोडणारा गोल सांधा). बॉल जॉइंटमध्ये प्ले असेल तर गाडी चालवूच नका, तो निखळला की चाक कोसळतं.

लिंक दोन्ही बाजूंच्या बदला. नट सोडताना पिन सोबत फिरते, ती ॲलन कीने (षटकोनी चावी) धरावी लागते. आर्मचे बुशचे बोल्ट मात्र चाकं लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. गाडी जमिनीवर टेकली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा, मग चाकांची अलाइनमेंट.