माहिती कोणाला द्यायची, हे आधी ठरवा

आयातदार : "सर्व देशांच्या सीमाशुल्क खात्यांनी आयातदारांची माहिती खुली केली, तर बनावट मालाचा धंदा मोडेल," हे बनावट मालावरील एका लेखातील विधान वाचून गप्प बसवेना. ट्रिप्स कराराच्या (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरील करार, १९९५ पासून अस्तित्वात) कलम ६९ नुसार खात्यांमधील माहितीच्या देवाणघेवाणीला चालना देण्याचे बंधन आहेच. माझे बेअरिंग अस्सल होते. तरीही ब्रँडच्या प्रतिनिधीने संशय कळवला म्हणून ते कामकाजाचे दहा दिवस आणि मुदतवाढीचे आणखी दहा दिवस अडकले, आणि शेवटी त्याने दावाच दाखल केला नाही.

सडेतोड : आपल्या वीस दिवसांचे दुःख समजते, पण त्यावरून धोरण ठरत नाही. कोऱ्या खोक्यांतला माल एका मार्गाने येतो, ब्रँडची लेबले दुसऱ्या मार्गाने येतात आणि जोडणी विक्रीच्या देशात होते. वाटेतल्या मुक्त बंदरात (जिथे सीमाशुल्क न भरता माल उतरवून पुढे पाठवता येतो) मूळ देशाचे नावही बदललेले असते. एकट्या खात्याला यातले काय दिसणार? दोन देशांच्या खात्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय हा माल सापडत नाही.

औषधवाला : आणि चुकीचा माल सापडला तर? डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेले लोसार्टन हे रक्तदाबाचे औषध नेदरलँड्सने वाटेत अडवले. ते बनावट नव्हते आणि दोन्ही देशांत त्यावर पेटंटही नव्हते, तरी ते भारतात परत पाठवावे लागले.

सडेतोड : तो वाद नेदरलँड्समधील पेटंटचा होता, ट्रेडमार्कचा नव्हे. विषय बनावट मालाचा आहे, कृपया तो सोडू नये.

औषधवाला : विषय तोच आहे, महाशय! पेटंटचा वाद आणि बनावट माल यांना एकाच अधिकाराखाली आणले, म्हणूनच भारत आणि ब्राझील यांना २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे जावे लागले. औषधाची वाट पाहणाऱ्या रुग्णाला तुमचा हा सूक्ष्म भेद कोण समजावणार?

सडेतोड : बरे, पेटंट वगळा. त्यावर एक अक्षरही बोलणार नाही.

आयातदार : लेबलांचा मुद्दा मलाही नाइलाजाने मान्य आहे. मात्र माहिती खात्याकडून खात्याकडेच जावी. माल बनावट ठरल्यानंतरच आयातदाराचे नाव-पत्ता हक्कधारकाला, म्हणजे ब्रँडच्या मालकाला, कळवण्याची मुभा कलम ५७ देते, आणि लेखकाला तेवढाही धीर नाही.

सडेतोड : कलमे इतकी पाठ आहेत, तर कलम ५६ खाली भरपाई का मागितली नाहीत?

आयातदार : मागितली आहे. माल वीस दिवसांत सुटला, भरपाईची सुनावणी मात्र अजून चालूच आहे. हेही आपल्याच बाजूने नोंदवून ठेवावे.