‘अटकेला विरोध’ म्हणजे नेमकं काय? बळ, बळजबरी, हुज्जत आणि झटापट

विचारणा

नमस्कार मंडळी. अटक झालेल्या माणसाच्या हक्कांवर एक छोटी माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. दोन जागी गाडं अडलंय. पोलीस अटक करायला आल्यावर माणूस जे करतो त्याला ‘विरोध’ म्हणायचं, ‘प्रतिकार’ म्हणायचं की ‘अडथळा’? बातम्यांत तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. आणि त्यावर पोलीस जे करतात ते ‘बळाचा वापर’, ‘बलप्रयोग’ की ‘बळजबरी’? वाचणारी माणसं वकील नाहीत. पण वेळ आली तर याच शब्दांच्या आधारावर त्यांना आपली बाजू सांगावी लागेल, म्हणून सैल शब्द नकोत.

प्रतिसाद

ताई, आधी अटक म्हणजे काय ते बघू, म्हणजे बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतील.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 (1 जुलै 2024 पासून लागू, त्याआधी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 46) सांगतं की अटक करताना पोलिसाने त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करायचा किंवा तिला अडवून धरायचं, मात्र ती व्यक्ती शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून स्वाधीन होत असेल तर त्याची गरज नाही. मराठीत यासाठी ‘स्वाधीन होणे’ हा नेमका शब्द आहे. ‘शरण येणे’ लिहू नका, त्यात हार मानल्याचा आणि गुन्हा कबूल केल्याचा वास येतो. ‘मी काही केलेलं नाही, तुम्ही चुकताय’ असं मोठ्याने ओरडत जो माणूस स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसतो, तो स्वाधीन झालेला आहे. त्याने विरोध नोंदवला, प्रतिकार केला नाही.

हा फरक मी मुद्दाम करतो. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की व्यक्तीने अटकेच्या प्रयत्नाला बळाने प्रतिकार केला किंवा अटक चुकवण्याचा प्रयत्न केला, तर पोलिसाला अटक करण्यासाठी आवश्यक ती सगळी साधनं वापरता येतात. म्हणजे पोलिसांच्या बळाचं दार उघडतं ते ‘बळाने प्रतिकार’ किंवा ‘निसटण्याचा प्रयत्न’ या दोन गोष्टींनी. प्रश्न विचारणं, कारण मागणं, वकिलाला फोन करू द्या म्हणणं, नावाची पट्टी वाचून नाव लिहून घेणं, यातलं काहीच त्यात बसत नाही. आपण सगळ्यालाच ‘अटकेला विरोध’ म्हणत गेलो तर तोंडाने विरोध करणाऱ्यावर वापरलेलं बळही वाचणाऱ्याला रीतसर वाटायला लागतं. म्हणून माझी सूचना अशी: तोंडी असेल तिथे ‘विरोध’, अंगाने असेल तिथे ‘प्रतिकार’, पळण्याचा असेल तिथे ‘निसटण्याचा प्रयत्न’.

‘अडथळा’ वेगळा ठेवा, कारण त्याला स्वतःची कलमं आहेत. लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणं हे भारतीय न्याय संहितेचं (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम 221. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी त्याच्यावर हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग करणं हे कलम 132, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेलं, दंड संहितेचं जुनं ‘तीनशे त्रेपन्न’. आणि स्वतःच्या कायदेशीर अटकेला प्रतिकार करणं हे कलम 262. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बातमीत मात्र तिन्हींना एकच ठोकळेबाज वाक्य असतं: ‘सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा’. एकात शिपायाची कॉलर धरलेली असू शकते, दुसऱ्यात माणूस फक्त दारात उभा राहिलेला असू शकतो.

आता पोलिसांकडचे शब्द. ‘बल’ हा कायद्यात कोरा शब्द आहे. न्याय संहितेच्या कलम 128 मधली व्याख्या बघा: दुसऱ्याला गती देणं, त्याची गती बदलणं किंवा थांबवणं म्हणजे बल. त्यात चांगलं-वाईट काही नाही. ‘बळजबरी’त मात्र अन्याय आधीच गृहीत आहे, ‘पोलिसांनी कायद्यानुसार बळजबरी केली’ हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही. म्हणून माहितीपुस्तिकेत ‘बळाचा वापर’ हाच शब्द ठेवा. ‘बलप्रयोग’ अर्थाने तोच आहे, पण कलमातल्या नावापुरता बरा.

खरं वजन आहे ते ‘आवश्यक’ या शब्दावर. आवश्यक कशासाठी? अटक होण्यासाठी. अद्दल घडवण्यासाठी नाही, माहिती काढण्यासाठी नाही, मघाशी शिवी दिली म्हणूनही नाही. हात मागे आले, माणूस खाली बसला, की अटक झाली; त्यानंतरच्या काठीला हे कलम आधार देत नाही. पुढे नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम 46 म्हणतं की अटक केलेल्या व्यक्तीला पळून जाण्यापासून रोखायला लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. आणि कलम 43 चं चौथं पोटकलम शेवटची रेघ ओढतं: ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. याचा उलटा अर्थ, म्हणजे तसा आरोप असला की गोळी घालायला मोकळीक, असा काढू नका. ‘आवश्यक’ची अट तिथेही सुटत नाही. कुख्यात गुन्हेगार आहे एवढ्यावरून आरोपीला ठार मारणं हे पोलिसांचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ओमप्रकाश विरुद्ध झारखंड राज्य या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

एक गोष्ट वाचकांपासून लपवू नका. ‘कायदेशीर अटक’ या शब्दांमुळे अनेकांना वाटतं की अटक चुकीची असेल तर हात उगारायला हरकत नाही. न्याय संहितेचं कलम 37 तसं म्हणत नाही. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने आणि सद्भावनेने काही करत असेल, तर ती कृती कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरत नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच मिळतो. म्हणून जागेवर स्वाधीन व्हायचं आणि भांडण न्यायालयात करायचं, हाच सल्ला द्यावा लागतो. तो देताना मला बरं वाटत नाही, पण दुसरा सल्ला माणसाला जास्त महागात पडतो.

आणखी एक प्रतिसाद

वर ‘विरोध’ आणि ‘प्रतिकार’ वेगळे केलेत, ते पटलं. त्यात ‘हुज्जत’ जोडते. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात बातम्यांचं संपादन केलंय. ‘पोलिसांशी हुज्जत घातली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रेसनोटमध्ये यायचं. हुज्जत म्हणजे वादावादी, नसता वाद. शब्दातच बोलणारा चुकीचा ठरलेला असतो. ‘वॉरंट दाखवा’ म्हणणं ही हुज्जत नाही, विचारणा आहे. मी डेस्कवर असताना ‘हुज्जत’ दिसली की वार्ताहराला विचारायचे, तो माणूस प्रत्यक्षात काय म्हणाला? उत्तर मिळालं तर ते वाक्य छापायचं, नाही मिळालं तर शब्द काढायचा.

‘झटापट’चंही तसंच. झटापट दोन्ही बाजूंनी होते. एकाला चौघांनी धरलंय आणि तो हात सोडवून घ्यायला बघतोय, ही झटापट नव्हे. ‘झटापटीत आरोपी जखमी’ असं लिहिलं की कोणी, कशाने, कुठे मारलं हे सगळंच वाक्यातून गळून पडतं. जखमी होणं जणू आपोआप झालं.

मथळ्यांतले शब्दप्रयोग तर त्याहून खोल रुजलेत. ‘मुसक्या आवळल्या’ म्हणजे मुळात दोन्ही हात पाठीमागे करकचून बांधले. ‘बेड्या ठोकल्या’ आपण प्रत्येक अटकेला लिहितो, अगदी स्वतःहून ठाण्यात हजर झालेल्यालाही. प्रत्यक्षात प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन या 1980 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हातकडी हा अपवाद ठरवला आणि ती घातली तर कारणं लिहून ठेवायला सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 43 च्या तिसऱ्या पोटकलमाने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, खून, बलात्कार अशा ठरावीक प्रकारांत हातकडी वापरण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आजही ती सरसकट नाही. आपली भाषा मात्र सगळ्यांना सरसकट घालते.

सगळ्यात वाईट म्हणजे ‘पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली दिली’. हे वाक्य आपण कौतुकाने छापतो. त्याचा साधा अर्थ, ताब्यातल्या माणसाला मारहाण केली किंवा तशी भीती घातली. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यापासून चालत आलंय, आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम 23 मध्ये ते तसंच आहे. खाक्या दाखवला त्या क्षणी प्रतिकारही नसतो आणि निसटण्याचा प्रयत्नही नसतो. तुमच्या लिखाणात हा शब्दप्रयोग गमतीतसुद्धा येऊ देऊ नका.

मध्येच एक शंका

‘सौम्य लाठीमार’ आणि ‘सौम्य बळाचा वापर’ यांचं काय? हे कायद्यात आहे का?

उत्तर

नाही. लाठीमार हा जमाव पांगवण्याचा विषय, त्याचं कलम वेगळं, नागरिक सुरक्षा संहितेचं 148. एकट्याच्या अटकेशी त्याची गल्लत नको. सशस्त्र दलं बोलावली तर त्यांनी शक्य तितकं कमी बळ वापरावं आणि कमीत कमी इजा करावी, हे कलम 149 मध्ये आहे. ‘कमीत कमी’ हे आधी घातलेलं बंधन आहे; ‘सौम्य’ हे नंतर दिलेलं प्रशस्तिपत्र. कोणाला किती टाके पडले हे कळल्याशिवाय ते विशेषण कोणी लावू नये.

दवाखान्यातून एक भर

मी तातडीच्या विभागात काम करते. वरच्या चर्चेत एक शब्द यायलाच हवा: ‘धडपड’.

माणसाला पालथं पाडून पाठीवर गुडघा किंवा दोघा-तिघांचा भार दिला की छाती फुलायला जागा उरत नाही, पोट दाबलं गेल्याने श्वासपटलही नीट खाली जात नाही. आधी पळापळ झालेली असते, शरीराला हवा जास्त हवी असते, आणि नेमकी तेव्हाच ती कमी मिळते. मग तो हातपाय झाडतो, मान वळवतो, कूस बदलायला बघतो. वरून धरणाऱ्याला वाटतं, अजून प्रतिकार चाललाय, आणखी दाबा. प्रत्यक्षात ती श्वासासाठी धडपड असते. मग तो शांत होतो आणि ‘आटोक्यात आला’ असं म्हटलं जातं. मे 2020 मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड मेला तेव्हा आपलं श्वास घेता येत नसल्याचं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. हात मागे आले की लगेच कुशीवर वळवायचं किंवा बसतं करायचं. एवढ्याने जीव वाचतो. बोलतोय म्हणजे श्वास नीट चाललाय, या समजावर विसंबू नये.

हात पाठीमागे पिरगाळल्यावर खांदा आपोआप त्या दिशेने वळतो, तोही प्रतिकार नव्हे. फिट येऊन गेलेला माणूस काही वेळ सैरभैर असतो, धरलं तर ढकलतो. ऐकू न येणारा ‘थांब’ ऐकून थांबत नाही. नोंदवहीत हे सगळं ‘प्रतिकार केला’ असंच लिहिलं जातं.

पुन्हा विचारणा

सगळ्यांचे मनापासून आभार. धडपडीचा परिच्छेद जवळजवळ जसाच्या तसा घेते आहे. अजून एक सांगा. लोक ‘त्याला उचलला’ म्हणतात, पोलीस ‘ताब्यात घेतला’ म्हणतात, कागदावर ‘अटक’ येते. बळ वापरलं ते नेमकं कधी, हे यातून कसं कळायचं? आणि रस्त्यात बसकण मारून, अंग सैल सोडून, नुसता न उठणारा माणूस यात कुठे बसतो?

प्रतिसाद

शेवटचं आधी घेतो. अंग सैल सोडणाऱ्याचं शब्दाने स्वाधीन होणं नाही आणि बळाने प्रतिकारही नाही. आपल्याकडे सत्याग्रहाची मोठी परंपरा आहे, त्यामुळे शब्द तयार आहे: असहकार. त्याला आवश्यक बळ म्हणजे उचलून गाडीत ठेवण्यापुरतं. दंडाला, पायाला धरून चौघांनी उचलणं त्यात बसतं. केस धरून फरफटवणं बसत नाही. ‘उठवून नेलं’ आणि ‘फरफटत नेलं’ ही दोन क्रियापदं वेगवेगळ्या घटना सांगतात, दिसेल ते लिहा.

‘उचलला’ आणि ‘ताब्यात घेतला’ यांचा धोका असा की त्यांना घड्याळ नसतं. अटकेला असतं: चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (1996) अटकेला कागद जोडला. अटकेची वेळ-तारीख असलेला मेमो, त्यावर घरच्या कोणाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष, अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी. शिवाय त्याने मागणी केली तर अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची तपासणी करून ‘इन्स्पेक्शन मेमो’त नोंद आणि त्यावर त्याची व पोलीस अधिकाऱ्याची, अशा दोघांच्या सह्या. हीच नोंद तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. अटकेच्या वेळी खरचटलं होतं की रात्री कोठडीत हाड मोडलं, हे दोन तारखांच्या दोन कागदांतून कळतं. ‘उचलल्या’च्या काळात असा कागदच नसतो, आणि बहुतेक वाद नेमके त्याच तासांतल्या जखमांचे असतात.

म्हणून माहितीपुस्तिकेत मेमोचं पान शब्दार्थांच्या आधी घ्या. आणि एक मागणी ठळक छापा: ‘माझ्या अंगावरच्या जखमा आत्ता लिहून घ्या आणि मला प्रत द्या.’ हे वाक्य ना हुज्जत आहे, ना अडथळा.