एसजीपीटी ७८, एचडीएल ३७. किती टेन्शन घेऊ?

निवांत_पुणेकर:
मंडळी, ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीपीटी ७८ आलंय (रिपोर्टवर ४५ पर्यंत नॉर्मल लिहिलंय), एसजीओटी ५१, बिलिरुबिन ठीक, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३७, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. वय ३९, दारूचा थेंब नाही, हातपाय काटकुळे पण पोट सुटलंय. बायको विचारते चोरून पितोस का. कंपनीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "तेलकट कमी करा" म्हणून वाटेला लावलं. लिव्हर आणि कोलेस्टेरॉल ही दोन वेगळी दुखणी आहेत की एकच? आई कोविडपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा देते, तरी असं कसं??

लॅबवाली:
मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे हे आधीच सांगते. बहुतेक एकच. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरच्या पेशीत असतं, पेशी दुखावल्या की रक्तात उतरतं. एसजीओटी स्नायूंमध्येही असतं, आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळला असेल तरी वाढतं. आणि दारूने लिव्हर बिघडलं की सहसा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट वगैरे दिसतं, तुमचं उलटं आहे, रिपोर्ट घरी दाखवा 😄 सुटलेलं पोट, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी (पुरुषांत ४० च्या खाली कमी धरतात, बायकांत ५०) म्हणजे फॅटी लिव्हरचा नेहमीचा गोतावळा. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, लिव्हर जास्तीच्या साखरेची चरबी करतं, थोडी तिथेच साठते, उरलेली ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते आणि त्या गडबडीत एचडीएल लवकर संपतं.

वडापाव_बंद:
सेम टु सेम भावा. माझं ९६ होतं, सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. मी पण तेलाच्या मागे लागलो होतो पण खरा चोर चहा निघाला, दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी, आणि रात्री साडेदहाला पोळ्या खाऊन झाल्यावर वर ताटभर भात. ८४ किलोचा ७७ झालो, आठ महिने लागले, एसजीपीटी ३८. एचडीएल मात्र ३६ चं ४१ च झालं, ते जाम हट्टी असतं. त्यासाठी गोळी मागितली तर डॉक्टर म्हणाले नुसता तो आकडा गोळीने वाढवून हार्टला फायदा दिसलेला नाही, चालत रहा.

लॅबवाली:
काढ्याचं राहिलंच की! तो आधी थांबवा. गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता तो भाग वेगळा. पण काढा चालू ठेवून टेस्ट केलीत तर वाढलंय कशाने तेच कळणार नाही. फिजिशियनना भेटून हिपॅटायटिस बी-सी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) आणि सोनोग्राफीचं विचारा, एसजीपीटी परत कधी करायचं तेही तेच सांगतील. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी जा.

निवांत_पुणेकर:
थँक्स. शनिवारी सोनोग्राफी आहे, उपाशी या म्हणालेत. बायकोने रिपोर्ट बघून माफी मागितली नाही, पण चहातली साखर परस्पर अर्धी केलीय. आई म्हणते त्या लॅबवालीला काय कळतंय, काढ्याने कधी कुणाला काही होतं का. तिला कसं पटवू?

लॅबवाली:
डॉक्टरांकडे जाताना आईंनाच सोबत न्या.