मदत हवी आहे : ३६०० मीटर उंचीवर कोणता टीव्ही टिकेल?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही तीन वर्षांसाठी ३६०० मीटर उंचीवर राहायला जातोय. सोबत आई आहे. ती ७६ वर्षांची. विरळ हवेत चार पावलं चालली तरी तिला धाप लागते, त्यामुळे तिचा बराचसा दिवस घरातच जाणार. टीव्ही घ्यायचाय तो तिच्यासाठी. तो मध्येच बंद पडला तर दुरुस्तीसाठी खाली पाठवायला दोन दिवसांचा रस्ता आहे, म्हणून या वेळी आधी विचारून घेतोय.

मागच्या खेपेला विचारलं नव्हतं. तेव्हा आम्ही २६०० मीटरवर होतो आणि घरातला जुना प्लाझ्मा टीव्ही तसाच वर नेला. पहिल्याच संध्याकाळी त्यातून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला. पडद्यावर उजळ, पांढरं दृश्य आलं की तो वाढायचा, अंधारं दृश्य आलं की कमी व्हायचा. आई विचारायची, "आत भुंगा अडकलाय का रे?" दुरुस्ती करणाऱ्याने घरी येऊन दोनदा उघडून पाहिलं, काही सापडेना. शेवटी तो टीव्ही खाली त्याच्या दुकानात घेऊन गेला. तिथे आवाज नाही. वर आणला की पुन्हा सुरू. पुढे पुढे आईने टीव्ही लावणंच सोडलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण नंतर कळलं. प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑन-झेनॉनचं मिश्रण बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाने भरलेलं असतं. खाली बाहेरची हवा त्या काचा घट्ट दाबून धरते. २६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७३ टक्क्यांवर येतो, ती पकड सैल पडते आणि आतल्या विजेच्या स्पंदनांबरोबर काचा थरथरतात. म्हणजे टीव्ही बिघडलेला नव्हताच, चुकीच्या जागी होता. प्लाझ्मा बनणं २०१४ च्या सुमारास थांबलं, त्यामुळे नवीन घेताना तो प्रश्न नाही. पण कुणी स्वस्तात जुना देत असेल आणि तुम्ही उंचावर राहत असाल, तर घेऊ नका.

आता ३६०० मीटरवर दाब जेमतेम ६४ टक्के असेल. एलसीडीत (दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात तोही हाच) काचांमध्ये द्रवस्फटिक असतात, ओलेडमध्ये पातळ घन थर. वायू दोन्हीकडे नाही, म्हणजे तो आवाज यायचं कारण नाही. इथवर मला समजलंय. पुढचं विचारायचंय:

माहितीपुस्तिकेत उंचीची मर्यादा २००० मीटर लिहिली असेल, तर ती कितपत मनावर घ्यायची? दुकानात विचारलं की "काही होत नाही हो, बिनधास्त न्या" एवढंच उत्तर मिळतं.

खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी आहे आणि हिवाळ्यात समोर बर्फ असणार. इतक्या उजेडात ओलेड चालेल की एलसीडीच बरा?

आणि टीव्ही तिथे नेताना किंवा लावताना काय सांभाळायचं? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मी पॉवर सप्लायचे बोर्ड दुरुस्त करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. २००० हा आकडा उगाच छापलेला नसतो. आतल्या जास्त व्होल्टेजच्या भागांमध्ये हवेचं किती मोकळं अंतर ठेवायचं, ते सुरक्षा मानकांत २००० मीटर धरून ठरवलेलं असतं. हवा विरळ झाली की तेवढ्याच अंतरात ठिणगी लवकर उडते. म्हणून ३००० मीटरसाठी ते अंतर १.१४ पट, ४००० साठी १.२९ पट आणि ५००० साठी १.४८ पट लागतं. वर नेलेला प्रत्येक टीव्ही जळेल असं नाही, पण बनवणाऱ्याने ठेवलेली सुरक्षेची शिल्लक तुम्ही वापरून टाकताय. चीनच्या मानकात तर नियमच होता की, उपकरण ५००० मीटरसाठी बनवलेलं नसेल तर त्यावर '२००० मीटरपर्यंतच' असा इशारा हवा. टीव्हीच्या मागे डोंगराचं छोटं चित्र आणि २००० हा आकडा दिसला, तर तो त्याचाच. तसा टीव्ही सोडा. ज्याच्या पुस्तिकेत ५००० मीटर स्पष्ट लिहिलंय असाच शोधा, मग पडदा एक आकार लहान मिळाला तरी चालेल.

पडद्यामागे ट्यूब असलेला जुना एलसीडीही नको. त्या ट्यूब पेटताना हजाराच्या वर व्होल्ट लागतात. एलईडी बॅकलाइटला (पडद्यामागच्या दिव्यांना) त्यामानाने फारच कमी.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि माझ्या अनुभवात टीव्ही मरतात ते हिच्यामुळे. थंड प्रदेश आहे म्हणून टीव्ही थंड राहील असं वाटतं. पण तुम्ही खोली गरम ठेवणार आणि विरळ हवा उष्णता कमी वाहून नेणार. प्रोजेक्टरमध्ये पंखा जोरात फिरवायची वेगळी सेटिंग असते ती याचसाठी. टीव्हीत बहुधा पंखाच नसतो. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. तेव्हा भिंतीतल्या कोनाड्यात किंवा बंद कपाटात टीव्ही बसवू नका, मागे आणि वर हात सहज जाईल एवढी जागा सोडा, बॅकलाइट पूर्ण शंभरावर ठेवू नका.

प्रतिसाद २

माझी साडेतीन हजार मीटरवर पाच वर्षं झाली, एलसीडी आहे, त्रास नाही. खिडकीचं म्हणाल तर ओलेड नको. संपूर्ण पांढऱ्या पडद्यावर त्याचा उजेड एलसीडीएवढा टिकत नाही, आणि बर्फावरून येणाऱ्या उजेडात आईंना चित्र फिकट दिसेल. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली बरीच परत फेकतो. कुठलाही पडदा थेट उन्हात ठेवू नये, ओलेड तर नाहीच. टीव्ही खिडकीच्या समोर न ठेवता बाजूच्या भिंतीला लावा.

टीव्ही पोचला की खोका लगेच उघडायची घाई करू नका. गाडीत तो गोठलेला असतो. उबदार खोलीत उघडलात की थंड बोर्डावर दव धरतं. आम्ही खोका बंदच ठेवून रात्रभर खोलीत राहू दिला आणि सकाळी लावला. रात्री खोली शून्याच्या खाली जाणार असेल, तर सकाळी आधी खोली गरम करा, मग टीव्ही. थंडीत द्रवस्फटिक मंद होतात, चित्र मागे ओढल्यासारखं दिसतं, गरम झालं की नीट होतं.

रेकॉर्डिंगसाठी साधी हार्ड डिस्क घेणार असाल तर थांबा. तिचं माहिती वाचणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि बऱ्याच डिस्कची मर्यादा ३०४८ मीटर असते. एसएसडी घ्या, तिच्यात असं तरंगणारं हेड नसतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओलेडचा विचार सोडला. आज दोन दुकानांत जाऊन पुस्तिका मागून वाचल्या. एका टीव्हीच्या पुस्तिकेत उंचीचा उल्लेखच नव्हता, दुसऱ्यात ५००० मीटर लिहिलंय. पडदा मला हवा होता त्याहून लहान आहे, पण आईची खुर्ची जवळ ठेवता येईल. तोच घेतोय. कोनाड्याचा बेत होता, तोही रद्द. बाजूच्या भिंतीपाशी टेबल मांडून त्यावर ठेवेन.

एकच राहिलं. तिथे वीज दिवसातून काही तास जनरेटरवर असते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर पुरेल, की यूपीएस लागेल? आणि २००० मीटरची अडचण त्यांनाही असेल ना? इतक्या उंचीवर यातलं काही वापरलं असेल त्यांनी कृपया लिहा, शनिवारी सामान निघतंय.