बोगद्यातून गाडी यायच्या आधीच धडाम आवाज का होतो?

डोंगरवाट: सध्या जपानमधे आहे. रविवारी एका गावात गेलो होतो, शिंकान्सेनचा (इथली बुलेट ट्रेन) बोगदा घरांच्या अगदी मागेच, आणि गाडीचा पत्ता नाही तोच आतून धडाम आवाज आला, सुरुंग उडवल्यासारखा, खिडकीची काच थरथरली आणि जवळजवळ अर्ध्या मिनिटाने गाडी सुळकन निघून गेली. हा आवाज नेमका कशाचा?

रूळकरी: तो हवेचा आवाज. सायकलचा पंप दाबतो ना, तसंच, गाडी पलीकडून घुसली की समोरची हवा दाबली जाते आणि ती दाबाची लाट आवाजाच्या वेगाने पुढे पळते. बोगदा ३ किमीचा धरला तर लाट साधारण ९ सेकंदात इकडे, ३०० च्या स्पीडने येणाऱ्या गाडीला मात्र ३६ लागतात. १९७५ ला शिंकान्सेनची सान्यो लाईन हाकाता शहरापर्यंत नेली तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं, कारण तिथे खडीऐवजी काँक्रीटच्या स्लॅबवर रूळ होते. खडी लाट थोडी शोषते, स्लॅबवर ती उलट जास्त उभी होत जाते, म्हणजे दाब अधिकाधिक झटक्यात चढतो, आणि ती बोगद्याच्या तोंडाशी फुटते. आणि वेग दुप्पट केला तर धमाका जवळजवळ आठपट, म्हणून हे प्रकरण सोपं नाही.

सह्याद्री_एक्सप्रेस: म्हणूनच शिंकान्सेनच्या ५०० सिरीज या गाडीचं नाक १५ मीटर लांब आहे. नाकात्सु नावाचे इंजिनियर पक्षीनिरीक्षक होते, खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही हे त्यांनी हेरलं आणि चोचीसारखं नाक केलं, १९९७ ला गाडी धावली. मला हे फार आवडतं, आपल्याकडे ओढ्याकाठी रोज दिसणारा पक्षी!

पालघरकर: आमच्या जिल्ह्यात बुलेट ट्रेनचे डोंगरातले ७ बोगदे आहेत, ३२० चा वेग, त्यामुळे मनापासून विचारतोय, जवळच्या पाड्यांना हा त्रास होणार का? घरं साधी आहेत हो, पत्रे वाजतील.

रूळकरी: @पालघरकर काळजी बरोबर आहे. पण उपाय आहे, बोगद्याच्या तोंडाला पुढे लांब छपरासारखी नळी जोडतात, बाजूला खिडक्या ठेवून, म्हणजे दाब एकदम न चढता हळूहळू चढतो. गावाच्या बैठकीत नेमकं हेच विचारा, दोन्ही तोंडांना नळी आहे का आणि किती लांब.

डोंगरवाट: दोन्ही का? आवाज तर बाहेर पडताना होतो ना?

रूळकरी: आवाज इकडे, पण कारण तिकडे. गाडी जिथून शिरते तिथली नळी पलीकडच्या गावाला वाचवते, आणि गाड्या दोन्हीकडून येतात.