एमजीबी जीटी ज्युबिली : लिमिटेड एडिशनसाठी दीडपट किंमत मोजावी का?

कव्हेंट्रीकर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि अधूनमधून चालवता येईल अशी एखादी एमजीबी जीटी (एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी, बंद छताची स्पोर्ट्स कार) घेण्याचे माझ्या मनात बरेच दिवस आहे. आता दोन गाड्या समोर आहेत आणि निर्णय होत नाही. पहिली १९७२ सालची, क्रोम बंपरची, कोणतेही विशेष नाव नसलेली साधी गाडी आहे; तिचे पत्राकाम चांगले झालेले आहे. दुसरी १९७५ सालची ‘ज्युबिली’ आहे. एमजीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने अशा ७५१ गाड्या काढल्या होत्या. ब्रिटिश रेसिंग ग्रीन रंग, दोन्ही बाजूंना सोनेरी पट्टे, एमजीबीच्याच आठ सिलिंडरच्या व्ही८ मॉडेलच्या धर्तीची सोनेरी-काळी चाके आणि डॅशबोर्डवर क्रमांकाची पाटी अशी तिची ओळख आहे. इंजिन मात्र इतर एमजीबींचेच, १७९८ सीसीचे.

ज्युबिलीचा मालक त्याच काळातल्या, तशाच अवस्थेतल्या साध्या गाडीच्या जवळजवळ दीडपट किंमत मागतो आहे. विकून नफा मिळवण्याचा माझा हेतू नाही, पण पैसे विचार न करता टाकावेत असेही वाटत नाही. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे जी करमाफी मिळते, ती दोन्ही गाड्यांना सारखीच लागू आहे, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघतो. प्रश्न एवढाच उरतो की लिमिटेड एडिशन या दोन शब्दांसाठी इतकी जास्त किंमत द्यावी, असे त्या गाडीत खरोखर काही असते का?

यंत्रवेडा

माझ्या मते अशा प्रत्येक गाडीला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की तिच्यातला फरक पत्र्यात आहे की पत्र्यावर.

पोर्शची १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस २.७ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. शर्यतीच्या नियमांनुसार ठरावीक वर्गात उतरायचे तर किमान ५०० गाड्या बांधणे भाग होते, म्हणून ती जन्माला आली. तिचा पत्रा नेहमीच्या ९११ पेक्षा पातळ होता, काच पातळ होती, इंजिन २.७ लिटरचे आणि २१० अश्वशक्तीचे होते, मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद होती, आणि वेगात गाडीचा मागचा भाग उचलला जाऊ नये म्हणून मागच्या इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला होता. तिची सर्वांत हलकी आवृत्ती एक हजार किलोच्याही आत बसत असे. आता मौज अशी की इतक्या गाड्या खपतील का, याविषयी खुद्द कंपनीच्या विक्री विभागाला शंका होती; प्रत्यक्षात मागणी वाढत गेली आणि १५८० गाड्या बांधल्या गेल्या. म्हणजे ठरलेल्या संख्येच्या तिप्पट! तरीही आज तिची किंमत त्या काळातल्या साध्या ९११ च्या कितीतरी पट आहे, कारण लोक संख्येसाठी पैसे देत नाहीत, त्या बांधणीसाठी देतात. बीएमडब्ल्यूची एम३ स्पोर्ट इव्होल्यूशन, मर्सिडीजची १९० ई इव्होल्यूशन २ आणि फोर्डची सिएरा आरएस५०० या गाड्याही शर्यतीच्या नियमांपोटी शेकड्यांत बांधल्या गेल्या, आणि त्यांचेही असेच आहे.

ज्युबिलीत यांपैकी काय आहे? रंग, पट्टे, चाके आणि पाटी. उलट १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नियमांसाठी एमजीबीला जे काळे रबरी बंपर लावले गेले आणि तिची उंची सुमारे दीड इंचाने वाढवली गेली, ते दोन्ही बदल ज्युबिलीत आलेले आहेत. उंच झालेली गाडी वळणावर अधिक झुकते, आणि त्यावरचा इलाज म्हणून मागचा अँटी-रोल बार (गाडीचे झुकणे कमी करणारी दांडी) आला तो पुढे १९७७ च्या मॉडेलपासून. तेव्हा चालवण्याचाच विचार असेल, तर तुमच्याकडे आलेली साधी १९७२ ची गाडी ही मुळातच अधिक चांगली एमजीबी आहे, आणि कमी पैशांत मिळते आहे. मी असतो तर तिच्यावरून नजर हटवली नसती.

मृण्मयी_ले

यंत्रवेडा यांची कसोटी मला पटते, पण ती अपुरी वाटते. गाडीची किंमत फक्त यंत्राच्या गुणावर ठरत असती, तर मूळ बांधणीपेक्षा सफाईने बनवलेल्या नकला मूळ गाड्यांपेक्षा महाग विकल्या गेल्या असत्या. तसे होत नाही. एखादी वस्तू एका ठरावीक प्रसंगाची साक्षीदार आहे, आणि ते कागदोपत्री सिद्ध करता येते, याचेही मोल असते.

प्रश्नकर्ते कव्हेंट्रीत आहेत, म्हणून तिथलेच उदाहरण देते. जॅग्वारने ई-टाइपचे उत्पादन थांबवताना शेवटच्या पन्नास गाड्या वेगळ्या काढल्या. त्यांतल्या एकोणपन्नास काळ्या आणि एक हिरवी होती, आणि प्रत्येकीत जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या सहीची पाटी होती. यंत्राच्या दृष्टीने त्या इतर व्ही१२ (बारा सिलिंडरच्या) ई-टाइपपेक्षा निराळ्या नव्हत्या. तरी त्यांना जास्त किंमत मिळते आणि मला ती रास्त वाटते, कारण एका थोर गाडीचा शेवट नेमका त्या पन्नास गाड्यांत आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचेही तसेच. जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे तिचे उत्पादन संपले, तेव्हा ‘उल्तिमा एदिसिओन’ (शेवटची आवृत्ती) नावाने ३००० गाड्या निघाल्या, फिकट निळ्या आणि बदामी अशा दोनच रंगांत. दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्यांच्या रांगेचे ते शेवटचे टोक आहे.

मात्र हाच युक्तिवाद ज्युबिलीला लावला की तो लंगडा पडतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्युबिली एमजीबीची पहिली नाही आणि शेवटचीही नाही. मॉडेल चालू असतानाच साजरा केलेला तो कंपनीचा वाढदिवस आहे. त्या वाढदिवसाचे सालही पक्के नाही. १९७५ मध्ये सुवर्णमहोत्सव करताना एमजीने आपला जन्म १९२५ चा धरला होता, आणि अलीकडे शताब्दी साजरी केली ती २०२४ मध्ये, म्हणजे १९२४ धरून! शेवटाची साक्ष हवी असेल तर ती एमजीबी एलई म्हणजे ‘लिमिटेड एडिशन’मध्ये आहे. ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये शेवटच्या हजार गाड्या एलई म्हणून विकल्या गेल्या. उघड्या गाड्या कांस्य रंगाच्या आणि जीटी रुपेरी करड्या. अमेरिकेत मात्र हेच एलई नाव साडेसहा हजारांहून अधिक काळ्या गाड्यांना लावले गेले, आणि तिथे मर्यादित या शब्दाला फारसा अर्थ उरला नाही.

गोदाकाठ

विषय इंग्लंडमधल्या गाड्यांचा आहे, पण आमच्या नाशिकचे एक उदाहरण इथे लागू पडते. महिंद्राने २०१९ मध्ये जुन्या पिढीच्या थारचा निरोप घेताना ‘थार ७००’ काढली. एकूण ७०० गाड्या, पाच आऱ्यांची अलॉय चाके, बाजूला पट्टे आणि आनंद महिंद्रा यांच्या सहीचा बॅज. इंजिनात काही बदल नव्हता. पुढच्याच वर्षी आलेली नवी थार आराम, वेग आणि सुरक्षितता या सर्व बाबतींत तिच्या पुढे आहे, तरीही जुन्या गाडीच्या चाहत्यांना ही ७०० हवी असते.

माझे निरीक्षण असे की आपल्याकडे थार घेतली की मालक पहिल्या काही महिन्यांतच चाके, बंपर, दिवे आणि छत बदलतो. लिमिटेड एडिशनही त्यातून सुटत नाही. त्यामुळे ७०० हा आकडा पुढे फक्त कागदावर राहील, आणि कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी हीच खरी दुर्मीळ ठरेल. ज्युबिलीच्या ७५१ गाड्यांपैकी आज किती तशाच उरल्या असतील, हा विचार किंमत देण्याआधी करावा. फरक पत्र्यावरच असेल, तर तो पुसला जाण्याची शक्यताही तेवढीच जास्त असते.

कव्हेंट्रीकर

सर्वांचे आभार. मृण्मयीताई, सालाचा तो मुद्दा मला ठाऊक नव्हता. गोदाकाठ यांनी विचारले तेच काल मी मालकाला विचारले. ज्युबिलीची मूळ बॉडी गंजल्यामुळे १९९० च्या दशकात बदलली गेली आणि ब्रिटिश मोटर हेरिटेजने बनवलेली नवी कोरी बॉडी तिला लावली, असे त्याने सांगितले. रंग आणि पट्टे अर्थातच नंतरचे आहेत. इंजिन, चाके आणि डॅशबोर्डवरची पाटी मूळची आहे, असे तो म्हणतो. अशा गाडीला अजून ज्युबिली म्हणावे का, आणि म्हटले तर किमतीचे काय?

यंत्रवेडा

ही माहिती फार महत्त्वाची आहे, आणि मालकाने ती विचारताच सांगितली हे त्याच्या बाजूचे आहे. हेरिटेजची बॉडी मूळ साच्यांवरून निघते आणि गंजलेल्या सिलवर (दाराखालच्या पट्टीवर) ठिगळे मारलेल्या गाडीपेक्षा ती निःसंशय टिकाऊ असते, म्हणून चालवण्यासाठी ही गाडी वाईट ठरत नाही. पण पोर्शच्या त्या आरएसमधून रंग काढला तरी पातळ पत्रा, इंजिन आणि चाकांची रुंदी उरते. इथे बॉडी आणि रंग दोन्ही गेल्यावर ज्युबिलीचे जे उरते ते चार चाके, एक पाटी आणि चासी क्रमांक एवढेच. भारतात पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा, अशी अट आहे. ब्रिटनमध्ये तशाच बनावटीची नवी बॉडी लावली तर नोंदणी सहसा टिकते. पण कायद्याने ओळख टिकली म्हणून संग्राहकाने तेवढीच किंमत द्यावी, असे होत नाही.

मृण्मयी_ले

कागदाच्या बाजूने मी एवढेच सुचवीन की पैशांचे बोलणे होण्याआधी गेडन येथील ब्रिटिश मोटर म्यूझियमकडून गाडीचे हेरिटेज प्रमाणपत्र मागवा. ते कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून तयार होते. बांधणीची तारीख, मूळ रंग आणि इंजिन क्रमांक त्यात मिळतो. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक त्याच्याशी जुळत नसतील, तर ज्युबिली म्हणून एक पौंडही जास्त देऊ नका, कारण हिरवा रंग आणि सोनेरी पट्टे कोणत्याही एमजीबीला लावता येतात.

क्रमांक जुळले, तर त्याच वर्षांतल्या साध्या रबर बंपर जीटीची, चांगली नवी बॉडी असलेल्या गाडीची किंमत पाया धरा. त्यावर मूळ चाकांची किंमत वेगळी लावा. ती चाके पोलादी कडेची आणि मधला भाग मिश्रधातूचा अशा जोडणीची असतात. दोन धातू जिथे मिळतात तिथे गंज धरला आहे का, हे टायर उतरवून पाहायला सांगा. पाटी आणि नोंदवहीतला पुरावा यांसाठी आणखी थोडे द्यायला माझी हरकत नाही, पण हे सगळे धरून दीडपट होत नाही. विमा उतरवताना मूल्य आधीच लेखी ठरवून घ्या, आणि त्यात बॉडी बदललेली असल्याचा उल्लेख करा. मालक खाली येत नसेल, तर १९७२ ची गाडी घ्यावी असे मलाही आता वाटते. तिचे प्रमाणपत्रही याच वेळी मागवून ठेवा, आणि दोन्हींच्या नोंदी मिळाल्या की इथे जरूर लिहा.