मदत हवी आहे: पुण्याहून एकटीनं वसईचा किल्ला, एका दिवसात

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरातल्या एका शनिवारी किंवा रविवारी मला वसईचा किल्ला पाहायला जायचं आहे. एकटीनंच. पहाटे पुण्याहून निघायचं आणि रात्री घरी परतायचं. वय ५४, चालायची सवय आहे, फक्त पायऱ्या उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. ज्यांनी हा किल्ला निवांत पाहिलाय किंवा जे तिकडचेच आहेत त्यांच्याकडून माहिती हवी आहे.

वसईच का, ते आधी सांगते. माझं माहेर शनिवार पेठेतलं. लहानपणी आजीचं बोट धरून ओंकारेश्वरला जायचे, तेव्हा चिमाजीअप्पांच्या समाधीपाशी आजी हमखास थांबायची. "वसई घेतली ती यांनी," एवढंच म्हणायची आणि हात जोडायची. तेव्हा वसई म्हणजे काय, हे कळत नव्हतं. पुढे काही वर्षांपूर्वी वाईजवळ मेणवलीला गेले. नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे, ती पाहिली. जवळ गेल्यावर तिच्यावर चक्क मेरीची आकृती दिसली, कडेवर बाळ येशू. मी बोटानं चाचपून पाहिलं, धातू उन्हानं तापला होता. त्यानंतर नसरापूरच्या बनेश्वरला मुद्दाम गेले. तिथल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा. तीही आणि भीमाशंकरची घंटाही त्याच मोहिमेतून आलेली सांगतात. चर्चमधल्या मिस्सेसाठी, म्हणजे प्रार्थनाविधीसाठी, ओतलेल्या या घंटा आता आरतीला वाजतात. त्या पाहून झाल्या, आता त्या ज्या मनोऱ्यांवर टांगलेल्या असतील ते मनोरे पाहायचे आहेत.

एकदा वसईला जाऊन आलेय, पण ते न गेल्यासारखंच. एका सहल कंपनीच्या बसनं गेलो होतो. किल्ल्यात ४० मिनिटं दिली. चिमाजीअप्पांच्या स्मारकापाशी सगळ्यांचा फोटो काढला आणि बस वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागली. मी खिडकीतून झाडीतल्या कमानी मागे जाताना बघत होते. "पडक्या भिंती तर आहेत," असं गाइड म्हणाला, ते अजून लागून राहिलंय. म्हणून या वेळी कुणालाच बरोबर घ्यायचं नाही, असं ठरवलंय. एकाच भिंतीपाशी अर्धा तास बसावंसं वाटलं, तर बसता आलं पाहिजे.

वाचन बऱ्यापैकी केलंय. आपण किल्ला म्हणतो, पण ते तटबंदीतलं अख्खं शहर होतं, हे मला उशिरा उमगलं. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, १५३६ पासून बांधकाम सुरू झालं आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. शंभराहून अधिक एकर जागा, आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा वेगवेगळ्या पंथांची चर्च आणि मठ. गोन्सालो गार्सिया इथलेच, ते १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. मग मराठ्यांचा १७३९ चा वेढा. जमिनीच्या बाजूच्या बुरुजांखाली सुरुंग पेरले, काही उडाले, काही फसले, माणसं फार गेली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला तो शस्त्रं, निशाणं घेऊन, मानानं. चिमाजीअप्पांनी तशी परवानगी दिली होती, हे मला विजयाइतकंच मोठं वाटतं.

आणि याच वसईत, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला. हडपसरच्या लढाईनंतर पुणं सोडून पळालेला पेशवा आसऱ्याला आला तो इथंच. चिमाजीअप्पा त्याचे सख्खे चुलत आजोबा. ६३ वर्षांत हे असं झालं. म्हणूनच डिसेंबर निवडलाय. हवा चांगली असते हेही आहेच.

आता माझ्या अडचणी.

सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी सिंहगड एक्स्प्रेस पकडून दादरला उतरायचं आणि तिथून विरार लोकल, असा विचार आहे. पण विरार लोकलबद्दल जे ऐकलंय त्यानं धास्तावलेय. पुण्याकडून येणाऱ्याला कल्याणला उतरून, दिव्याला जाऊन दिवा-वसई गाडी धरणं सोयीचं पडेल का? नकाशावर तरी तोच जवळचा रस्ता दिसतो. परतीला डेक्कन क्वीन धरायची तर वसई चारच्या आत सोडावी लागेल, मग किल्ल्याला उरतात जेमतेम चार तास. तेवढे पुरतात का?

दुसरं, आत एकट्या बाईनं फिरणं कितपत ठीक? भीती वाटते असं नाही, पण झाडी दाट आहे म्हणतात. घरून परवानगी मागत नाहीये, पण लेकीला सांगताना माझ्याकडे उत्तर असलेलं बरं.

तिसरं म्हणजे क्रम. कुठल्या दरवाजानं आत शिरावं, म्हणजे शहराचा अंदाज येईल? आणि सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यावर चढू देतात का?

आगाऊ आभार.

---

घाटवाट:
दिवा-वसईच्या भरवशावर राहू नका. त्या मार्गावर मेमू लोकल मोजक्याच आहेत, एक चुकली तर फलाटावर बसून राहाल. दादरच बरं. विरार लोकलची धास्तीही सोडा. सकाळी गर्दी चर्चगेटच्या दिशेनं असते, तुम्ही उलट्या दिशेनं जाणार आणि संध्याकाळी परत उलट्या दिशेनं येणार. लेडीज डब्यात खिडकी मिळेल.
रविवार टाळा, रेल्वेचा दुरुस्तीसाठी ब्लॉक असतो.

---

पाचूबंदर:
ताई, मी तिथलाच. आमचं घर किल्ल्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. तुमचं वाचून रात्रीच लिहायला बसलो.

वसई रोडला उतरलात तर पश्चिमेला या. किल्ला तिथून सात-आठ किलोमीटर आहे, रिक्षा आणि किल्लाबंदरकडे जाणाऱ्या बस मिळतात. पण माझं ऐकाल तर वसई रोडला उतरूच नका. भाईंदरला उतरा. २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट (माणसांबरोबर वाहनंही नेणारी) सुरू झालीय, ती किल्ल्याच्या जेट्टीला लागते. वेळा बदलतात, आदल्या दिवशी पाहून घ्या. शहर बांधणारे आले ते पाण्यावरून, तुम्हीही तसंच या. खाडीतून येताना तट जसा हळूहळू वर येतो, तसा तो रस्त्यानं कधीच दिसत नाही.

जेट्टीवरून दर्या दरवाजा जवळ आहे. त्याची सागवानी दारं अजून आहेत, लोखंडी खिळे मारलेली. लोक तिथं सेल्फी काढून पुढे जातात. तुम्ही दाराच्या आत उभ्या राहून वाट कशी वळते ते बघा. समोरून तोफ डागली तरी गोळा सरळ शहरात येणार नाही अशी ती वळवलीय. बाहेरच्या बाजूला आमच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि बांबूंवर बोंबील वाळत असतात. वासाची सवय नसेल तर रुमाल ठेवा. पण जरा वेळ थांबा, कुणी जाळं विणत असेल तर बोला त्यांच्याशी. आमची माणसं बोलकी आहेत. आणि ताई, भिंती पडक्या असतील, पण त्यांच्या सावलीत आमच्या चार पिढ्यांनी जाळी विणलीत. गाइडला हे कुणी सांगितलं नसेल.

तिथून सेंट जोसेफ जवळच. मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे, पायऱ्या झिजल्यात. चढाल हो, पण तुमचा गुडघा उतरताना कुरकुरतो म्हणता आणि उतरणंच तिथं अवघड आहे. खालूनच बघा. घंटेची जागा खालूनही दिसते. फ्रान्सिस्कनांचं चर्च मात्र चुकवू नका. तिथं जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यांवर कोरीव लेख आहेत. सकाळचं तिरपं ऊन असताना अक्षरं वर उठून दिसतात, दुपारी बाराला दगड नुसता पांढरा दिसतो. म्हणून ते आधी करा. मग बालेकिल्ला, त्याच्या दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह आहे. नागेश्वराच्या देवळात पाणी प्या, टेका आणि शेवटी भूमी दरवाजानं बाहेर पडा. सुरुंगांचं तुम्ही जे वाचलंय ते त्या जमिनीच्या अंगाला.

एकट्या बाईचं विचारलंत. शनिवारी सकाळी लोक असतात, फोटोवाले असतात, गावची वर्दळ किल्ल्यातल्या रस्त्यावरून असतेच. रस्ता दिसत राहील एवढंच आत जा. पडक्या मठांच्या मागच्या झाडीत एकटीनं शिरू नका, माणसांपेक्षा सापांसाठी सांगतोय. पायात बूट हवेत. पाणी दोन बाटल्या. पाचनंतर आत थांबू नका.

परतीला रेल्वेचा हट्ट कशाला? वसईहून लोकलनं बोरिवली, तिथून पुण्याला एसटी मिळते. म्हणजे साडेचारपर्यंत किल्ल्यात राहाल. बाजारात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर घ्या, आमच्या राजेळी केळ्यांची असते. लेकीला द्या.

---

धागाकर्ती:
पाचूबंदर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि वहीत उतरवून घेतला. घाटवाट, तुमचेही आभार. शनिवार नक्की केला.

बोटीचं मनात भरलंय. मनोऱ्यावर चढणार नाही, तुम्ही म्हणता ते पटलं. फ्रान्सिस्कन चर्च आधी. आणि परतीला बोरिवलीची एसटी, म्हणजे घड्याळाकडे बघत फिरायला नको. मेणवलीच्या घंटेचा फोटो छापून बरोबर नेणार आहे, त्या रिकाम्या मनोऱ्याखाली उभं राहून दोन्ही एकत्र पाहायचं आहे.

एकच राहिलं. भाईंदर स्टेशनपासून जेट्टीपर्यंत रिक्षा मिळते ना, की चालत जाण्याजोगं आहे?

---

पाचूबंदर:
रिक्षा मिळते, पश्चिमेला उतरा. निघायच्या आदल्या दिवशी इथंच लिहा, बोटीची वेळ मी जेट्टीवर विचारून सांगतो.